तिसरा तणावा

मी बांधलेली गाठ सुटत नाही. ही बढाई समजू नका, साक्षीदार आहेत. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिच्या पोशाखाची पाठीवरची नाडी मी बांधली होती. तिच्या नवऱ्याला शेवटी मासे साफ करायची सुरी आणावी लागली. त्यामुळे मागच्या अंगणात चाळीस फुटी मनोरा उभा करायचं ठरवलं, तेव्हा तो पडेल ही शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. उलट भेटेल त्याला मी सांगत होते, "एक वेळ मी जाईन, पण मनोरा राहील."

मनोरा दहा आठवडे राहिला. मी अजून आहे.

माझं नाव आयली हाकाला. थंडर बे गावात, सरोवराकडे उतरत जाणाऱ्या एका रस्त्यावर, पंचवीस फूट रुंदीच्या जागेत माझं घर आहे. आमच्या फिनिश आईबापांनी या गावात घरं बांधली ती एकाच पद्धतीने: आधी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, मग उरलेल्या जागेत घर, आणि त्यातूनही काही उरलं तर अंगण. माझ्या अंगणात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने आत येण्याआधी खोकावं लागतं.

अशा जागेत मनोरा कशाला, हे सांगायचं तर मला जरा मागे जावं लागेल. मी अठराव्या वर्षी रेल्वेत तारमास्तर झाले. उत्तरेकडच्या एका जंगली स्टेशनात, सरपणाची शेगडी, एक घड्याळ, तार ठोकायची एक कळ आणि मी. पुढे रेल्वेने तारा बंद केल्या, पण माझी बोटं काही बंद होईनात. जेवताना चमच्याने बशीवर ठकठक चालायची. माझा नवरा रेइनो त्याला कंटाळला आणि त्याने एक बिनतारी संच आणून दिला. "हे घे. आता ज्याला ऐकायचंय त्याला ठोक," म्हणाला.

ऐकणारी मिळाली ती डॉरकस पेनी. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, कॉड वाळवणाऱ्यांच्या एका गावात राहणारी, तीही जुनी तारवाली. एकतीस वर्षं दर रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही भेटत आलो. भेटत म्हणजे बिंदू आणि रेघांनी. तिचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण तिचा हात मी शंभरांत ओळखला असता. तिची लांब रेघ शेवटी जराशी लंगडायची, जिना उतरताना गुडघा दुखणाऱ्या बाईसारखी.

आमच्या या जगात एक जुना रिवाज आहे. कळ चालवणारा पुरुष किंवा कळ चालवणारीचा नवरा वीस वर्षांचा असला तरी तो 'म्हातारा', आणि बाई नव्वदीची असली तरी ती 'पोरगी'. त्यामुळे डॉरकस दर रविवारी विचारायची, "पोरी, म्हातारा कसा आहे?" आणि मी कळवायचे, "ठीक आहे."

आणि इथेच सगळा घोटाळा आहे, कारण रेइनो अकरा वर्षांपूर्वी वारला.

शुक्रवारी त्याला पुरलं. रविवारी टेबलावर लोकांनी आणलेले पाव आणि माशांची भांडी तशीच होती, मी संच सुरू केला, आणि डॉरकसने विचारलं, म्हातारा कसा आहे. मी कळेवर बोट ठेवलं. दुसऱ्यांच्या मरणाच्या तारा मी शेकड्यांनी पाठवल्या होत्या. खाणीत मेलेल्यांच्या, नदीत बुडालेल्यांच्या, आईच्या, मुलांच्या, आणि एकीतही बोट अडखळलं नव्हतं. त्या दिवशी बोटाने आपल्या मनाने पाठवलं, "ठीक आहे."

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पण मग मागच्या रविवारचं काय सांगायचं? महिन्याने ते अवघड झालं आणि वर्षाने अशक्य. तोवर रेइनो तिकडे झकास जगू लागला होता. त्याने विडी सोडली, जी जिवंतपणी त्याला कधी सुटली नाही. त्याने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दर हिवाळ्यात तो शेजारच्या टाउनोबरोबर गोठलेल्या सरोवरावर जाऊन मासे पकडू लागला, आणि मासे दर वर्षी मोठे होत गेले. आठवड्यातले सहा दिवस मी विधवा होते आणि रविवारी बारा ते साडेबारा माझा नवरा बर्फावर गेलेला असायचा.

तर ऑक्टोबरच्या वादळात माझा बर्च पडला. ज्या तारेने मी हवेतून बोलत होते तिचं दुसरं टोक त्या झाडाला होतं. झाड पडलं आणि रविवार मुका झाला. म्हणून मनोरा.

रेडिओ क्लबच्या मर्विनने एका माणसाकडून जुना ॲल्युमिनियमचा जाळीदार मनोरा मिळवून दिला. दहा-दहा फुटांचे चार तुकडे, एकावर एक बसणारे. मर्विनने माझ्या अंगणात उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं, मग फूटपट्टी खिशात घातली.

"मिसेस हाकाला, या जागेत छत्रीसुद्धा उघडू नका."

"मर्विन, मला सल्ला नको, पाना दे."

"अहो, चाळीस फुटांना तीन बाजूंनी तणावे लागतात, ताणून धरणाऱ्या तारा. तिन्ही सारख्या कोनात. आणि प्रत्येकाचा जमिनीतला नांगर तीस फुटांवर, असं पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याला शेत असेल. माझ्याकडे वळचण आहे."

पहिला तणावा मी घराच्या वळचणीच्या तुळईत कडी ठोकून बांधला. दुसरा सौनाच्या कोपऱ्यातल्या ओंडक्याला. राहिला तिसरा, आणि त्याची बाजू नेमकी कुंपणावरून टाउनोच्या अंगणात जात होती. कुंपण मनोऱ्यापासून चार फुटांवर. तीस फुटांवर टाउनोचं स्वयंपाकघर. आणि या दोहोंच्या मधे, कुंपणाला चिकटून, त्याचं खोपट.

टाउनो केटोला आणि रेइनो चाळीस वर्षं एकत्र मासेमारी करायचे. हिवाळ्यात बर्फावर नेऊन ठेवायचं ते खोपट दोघांनी मिळून बांधलेलं. खाली लाकडी घसरपट्ट्या, आत छोटी शेगडी, जमिनीला दोन भोकं, दोन बाकं. रेइनो गेला आणि टाउनोने ते खोपट परत कधी सरोवरावर नेलं नाही. अकरा हिवाळे ते कुंपणाशी उभं होतं. त्याच्या छपरावर शेवाळ आलं, खाली गवत वाढलं, एका खिडकीत चिमणीने तीन पिढ्या काढल्या. टाउनो स्वतःही साधारण तसाच झाला होता. त्याची बायको त्याआधीच गेलेली. आमचं भांडण नव्हतं, पण रेइनो मधे असताना बोलणं चालायचं, तो गेल्यावर दोघांनाही सुरुवात कुठून करायची ते कळलं नाही. मी दोन हजार किलोमीटरवरच्या बाईशी बोलत होते, आणि चार फुटांवरच्या माणसाला मान हलवत होते.

खोपटाच्या मागच्या अंगाला, खाली, अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी कडी होती. आमच्या सबंध रस्त्यावर एवढी मजबूत कडी दुसरी नव्हती. ती एवढी मजबूत का असावी हा प्रश्न मला पडायला हवा होता. खरं तर उत्तरही मला माहीत होतं, रेइनोनेच ती बसवली होती. खोपट बर्फात रुतलं तर मागे ओढायला. पण अकरा वर्षं जागची न हललेली वस्तू माणसाला हळूहळू डोंगर वाटायला लागते.

मी रीतसर परवानगी मागितली. टाउनो सरपण रचत होता.

"टाउनो, तुमच्या खोपटाला माझी तार बांधू का?"

"बांधा," तो म्हणाला. चार लाकडं रचून झाल्यावर पुढे म्हणाला, "त्यात सारखं विचारायचं काय?"

मला ते मन मोठं असल्याचं लक्षण वाटलं. मी 'सारखं' या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. खोपटाच्या पुढच्या कोपऱ्याला माझी कपडे वाळत घालायची तार कित्येक उन्हाळे बांधलेली होती, आणि तो तिच्याबद्दल बोलत होता, हे मला जानेवारीत कळायचं होतं.

मनोरा उभा राहिला. मर्विनने तिन्ही तणावे बोटांनी वाजवून पाहिले.

"ते पलीकडचं हलणार नाही ना?"

"चर्च हलेल एक वेळ," मी म्हटलं.

उपकाराची फेड म्हणून मी टाउनोकडे दर बुधवारी वेलचीचा गोड पाव घेऊन जाऊ लागले. त्याने कॉफी ठेवली. पहिल्या बुधवारी आम्ही हवेबद्दल बोललो. दुसऱ्या बुधवारी हवा संपली. तिसऱ्या बुधवारी मी रेइनोचं नाव काढलं, आणि टाउनो उठून खिडकीशी गेला. मला वाटलं, चुकलं. पण तो तिथूनच म्हणाला, "एकदा त्याने माझा बूट गळाला लावून वर काढला होता. माझ्या पायात असताना." आणि त्याच्या खांद्यांवरून कळलं की तो हसतोय.

मग आम्ही रेइनोशिवाय दुसरं काही बोललोच नाही. आणि डिसेंबरातल्या एका बुधवारी, कॉफीचा दुसरा कप भरताना, मी माझ्या हातांनी माझा मनोरा पाडला. मी म्हणाले, "ते खोपट असं कुजत ठेवलंत, हे रेइनोला आवडलं नसतं."

टाउनोने डोळे मिटून कप दोन्ही हातांत धरला. तो विचार करत होता, पण आमच्या पुरुषांत विचार करणं आणि झोप लागणं यांत बाहेरून फरक दिसत नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी डॉरकसने कळवलं की मुलगा तिला शहरात नेतोय. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी. तिथल्या इमारतीत गच्चीवर कपड्यांची दोरीसुद्धा बांधू देत नाहीत, मग बिनतारीची तार कुठली. संच भाच्याला देऊन टाकणार. "चार रविवार उरले, पोरी."

मी ठरवलं, या चारांत खरं सांगायचं. पत्र का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. तीन लिहिली आणि फाडली. शिवाय रेल्वेत आमचा नियम होता: चुकीची तार गेली, तर दुरुस्तीही तारेनेच जायला हवी. फोन करावा, तर जिचा आवाज एकतीस वर्षांत ऐकला नाही तिला पहिल्याच वाक्यात काय ऐकवायचं?

पहिल्या रविवारी तिच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी माझं धैर्य नव्हतं. तिसऱ्या रविवारी धैर्य होतं, पण रेइनोने नऊ पौंडी ट्राउट पकडला. कसा ते मलाही कळलं नाही, बोट पुढे निघून गेलं होतं.

चौथा रविवार, शेवटचा. बाहेर उणे बावीस. मी सकाळी नऊला कॉफी घेऊन संचासमोर बसले आणि काय पाठवायचं ते कागदावर लिहू लागले. तेवढ्यात घर कण्हलं.

घर थंडीत कण्हतंच. पण या वेळी ते एका बाजूला कण्हलं. मग वळचणीची फळी, सहा फूट पन्हळीसकट, खिडकीसमोरून आडवी गेली. मी बाहेर धावले तेव्हा सौना जागच्या जागी फिरत होता. पायाशिवाय दगडांवर ठेवलेला, बिचारा, पाव फेरा फिरला, तार तुटली आणि त्याचं दार कुंपणाकडे तोंड करून थांबलं. मनोरा टाउनोच्या अंगणात असा वाकला की जणू कुणाला सलाम करतोय, मग बुडाची खीळ तुटली, आणि चाळीस फूट ॲल्युमिनियम कुंपणावरून सरपटत पलीकडे गेलं.

पलीकडे खोपट नव्हतं. जिथे अकरा वर्षं ते होतं तिथे गवताचा एक पिवळा चौकोन होता, आणि त्या चौकोनातून मनोरा रस्त्याच्या दिशेने निघाला होता.

टाउनोने खोपट गाडीला जोडलं होतं. मला चकित करायचं म्हणून त्याने चार दिवस गुपचूप घसरपट्ट्यांभोवतीचा बर्फ फोडला होता. माझी तार सोडायलाही तो विसरला नव्हता. कपड्यांची. तिचं व्यवस्थित वेटोळं, चिमट्यांसकट, कुंपणावर टांगलेलं होतं. मागच्या कडीतली तणाव्याची गाठ हिमाखाली गाडली गेली होती, आणि वर गेलेली तार दिसायला मान वर करावी लागते.

"टाउनो," मी ओरडले. कानांवर टोपी, टोपीखाली थोडा बहिरेपणा, आणि गाडीत चालू रेडिओ. त्याच्यापर्यंत पोचायला मला न्यूफाउंडलंडपेक्षा जास्त अडचण आली.

मी पडवीतली घसरखुर्ची काढली. लांब पोलादी पट्ट्यांवर खुर्ची, मागे एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्याने रस्त्याला लाथ मारायची. दुकानात जायला मी तीच वापरते. अंगात घरातला झगा, वर रेइनोचा कोट, डोक्यावर कॉफीच्या किटलीची लोकरी टोपी, कारण घाईत हाताला तीच लागली. रस्ता सबंध उताराचा. पुढे टाउनोची गाडी, मागे खोपट, खोपटामागे लग्नाच्या गाडीला डबे बांधतात तसा खणखणत जाणारा माझा मनोरा, आणि त्याच्यामागे मी.

लोक दारांत आले. हात हलवू लागले, ओरडू लागले. आणि टाउनो, जो अकरा वर्षं कुणाकडे मान वर करून बघत नव्हता, काच खाली करून सगळ्यांना हात करू लागला. तो मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, मी परत निघालो म्हणून लोकांना आनंद झालाय." हे ऐकल्यावर त्याला रागवायचं माझ्या मनातून गेलं.

सरोवराच्या काठी, बर्फावर उतरायच्या जागी, तो थांबला. खाली उतरला आणि मला पाहिलं.

"आयलीबाई? तुम्ही कशा इथे?"

"मागे बघा."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मनोऱ्याच्या एका टोकाला माझी पन्हळ लटकत होती.

"हे काय आहे?"

"माझा मनोरा. तुम्हाला विचारून बांधलेला."

"कपडे वाळवायला एवढा उंच?"

मी घसरखुर्चीवर बसले. मनोऱ्याचं मला काहीच वाटत नव्हतं. तीन तासांनी डॉरकस मला हाक मारणार होती आणि उत्तर येणार नव्हतं. एवढंच मला वाटत होतं. उद्या तिचा संच निघणार, आणि तिच्या हिशेबी रेइनो कायमचा बर्फावर बसून राहणार. मी ते सगळं टाउनोला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. त्याने टोपीचे कान वर केले होते.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या आठवड्यात काय मिळालं त्याला?"

"ट्राउट. नऊ पौंडी."

"एकट्याने?"

"नाही. तुम्ही होतात."

"हं." त्याने बुटाने बर्फ उकरला. "मला काय मिळालं?"

"तुम्हाला काही मिळालं नाही."

"अकरा वर्षांत?"

"नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "रेइनो असता तर असंच झालं असतं."

मग त्याने मनोऱ्याचे तुकडे तपासले. खालचे दोन वाकडे झाले होते, वरचे दोन शाबूत.

"उभा करायला काय लागतं?"

"तीन तणावे. सारख्या कोनात. तीस फुटांवर नांगर."

"तीस फूट कुठल्या बाजूला?"

"तिन्ही."

टाउनोने समोर पाहिलं. समोर सुपीरियर सरोवर होतं, पांढरं, थेट आकाशापर्यंत.

"मिळतील," तो म्हणाला.

आम्ही गाडीने परत जाऊन संच, कळ आणि तारेचं भेंडोळं आणलं. बर्फावर नांगर कसा टाकतात हे रेडिओच्या पुस्तकात नाही, पण टाउनोला माहीत होतं. गिरमिटाने भोक पाडायचं, दोरीने मधोमध बांधलेलं एक लाकूड उभं खाली सोडायचं, पाण्यात ते आडवं होतं आणि वर ओढलं की बर्फाला खालून धरतं. वर दोन डबे पाणी ओतलं की दहा मिनिटांत दगड. अशी तीन भोकं त्याने पाडली, आणि मी पावलांनी तीस फूट मोजले, तिन्हीकडे, एकाही शेजाऱ्याला न विचारता.

आजूबाजूच्या खोपटांतून लोक बाहेर येऊन बघत होते. कुणी मदतीला आलं नाही, कारण आम्ही हाक मारली नाही, आणि न बोलावता येणं आमच्यात उद्धटपणा समजतात. वीस फूट मनोरा दोन म्हातारे उचलत होतो. अर्ध्यावर आला तेव्हा वाऱ्याने तो माझ्याकडे ढकलला.

"सोडू नकोस," टाउनो ओरडला. "गाठ मार, आयली, मार गाठ."

मनोरा अंगावर येत असताना 'तुम्ही' म्हणायला वेळ नसतो. मी गाठ मारली. तुम्हाला माझ्या गाठींबद्दल माहीतच आहे.

बाराला सात मिनिटं कमी असताना मनोरा उभा होता, गवंड्याच्या ओळंब्याइतका सरळ. तशी सरळ गोष्ट मी आयुष्यात दुसरी उभी केलेली नाही. संच गाडीच्या बॅटरीला जोडला, तार खोपटाच्या खिडकीतून आत घेतली, आणि मी रेइनोच्या बाकावर बसले. समोरच्या बाकावर टाउनो. त्याने सवयीने भोकात गळ सोडला होता.

बारा वाजता ती आली. खरखरीतून, बारीक, लंगडत.

"पोरी, आहेस का? क्षीण येतेयस. म्हातारा कसा आहे?"

मी हातमोजा काढला. बोट कळेवर ठेवलं, आणि पाठवलं, "रेइनो गेला."

मग: "कुठे गेला? बर्फावर?"

मी डोळे मिटले. पुन्हा पाठवलं, "रेइनो वारला." पण थंडीने बोट आखडत होतं, बिंदू एकमेकांवर चढत होते.

"अर्धंच आलं. वारा? इकडेही फार आहे. पुन्हा सांग."

"काय म्हणते?" टाउनोने विचारलं.

"तिला वाटतंय मी हवेबद्दल बोलतेय."

"आमचंही तसंच सुरू झालं होतं," टाउनो म्हणाला.

मग मी एक केलं. पाठ ताठ केली, मनगट टेकवलं, आणि अठराव्या वर्षी त्या जंगली स्टेशनात बसायचे तशी बसले. आणि रेल्वेच्या ठरलेल्या शब्दांत, अनोळखी माणसाची तार पाठवावी तशी, सावकाश पाठवली: "कळवण्यास दुःख होते की रेइनो हाकाला यांचे निधन झाले. अकरा वर्षांपूर्वी. अंत्यविधी झाला. आपली, आयली."

यावेळी बोट अडखळलं नाही. सही झाल्यावर मात्र हात कळेवरून उचलता येईना.

खरखर. वाऱ्यात तणावे गुणगुणत होते. भोकातलं पाणी काळं होतं आणि त्यावर पातळ साय धरू लागली होती. टाउनोने ती पळीने बाजूला केली. मी घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. एकतीस वर्षांत तिने मला इतका वेळ थांबवलं नव्हतं. मला वाटलं, बंद केला तिने संच. आणि मला वाटलं, केला असेल तर तिचं बरोबर आहे.

मग ती आली. "अकरा?"

"अकरा."

"एकटी होतीस?"

"हो."

मग तिचा हात, आधीपेक्षा सावकाश, प्रत्येक रेघ लंगडत:

"पोरी. मग ते मासे कोणी पकडले?"

मी ते टाउनोला सांगितलं. त्याने ऐकलं. दोरी जरा वर ओढून बघितली. गळ तसाच होता, वरचं आमिषही जागचं हललं नव्हतं. त्याने दोरी परत खाली सोडली आणि आमच्या पुरुषांसारखा विचार केला, म्हणजे मला वाटलं त्याला झोप लागली.

"मी, म्हणून सांग," तो म्हणाला.

मी पाठवलं. अकरा वर्षांचं खोटं खाली ठेवून पाच मिनिटंही झाली नव्हती. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी इतकी स्वच्छ, एकही बिंदू न चुकलेली तार माझ्या हातून दुसरी गेली नाही.